वन्य प्राण्यांचे फोटो काढताना : एका हौशी माणसाचे अनुभव

(गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सर्वप्रथम गणरायाला वंदन. ज्याचे मस्तक हत्तीचे आणि वाहन उंदीर, त्याच्यासमोर प्राण्यांविषयी बोलायचे म्हणजे परीक्षकासमोर पेपर सोडवण्यासारखे आहे. आपले सेक्रेटरी गेल्या महिन्यात म्हणाले, "तुम्ही ते जंगलातले फोटो काढता ना, त्यावर अर्धा तास बोला." मी म्हटले, मी काही मोठा छायाचित्रकार नव्हे. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला परमनंट वे विभागाचा माणूस. रूळ, स्लीपर, खडी हा माझा विषय. कॅमेरा हातात आला तो वयाच्या पस्तिशीनंतर. त्यावर ते म्हणाले, "तेच हवे आहे. मोठे लोक बोलले की आमच्या मुलांना वाटते दोन लाखांची लेन्स लागते." म्हणून उभा राहिलो.

लेन्सचे आधी उरकून टाकतो, कारण सर्वांना तेच विचारायचे असते. पहिले वर्षभर काहीही विकत घेऊ नका. घरात असेल तो कॅमेरा, मेहुण्याचा जुना पडलेला डीएसएलआर, तोही नसेल तर मोबाइल. हौस टिकली तर एक साधा कॅमेरा आणि ७०-३०० ची लेन्स जुनी मिळते, ती घ्या. माझे पुष्कळसे बरे फोटो त्याच लेन्सचे आहेत. फोटो हलतो ही पहिली तक्रार असते. ३०० वर काढताना शटर एक पाचशेअंशाच्या खाली येऊ देऊ नका, उजेड कमी असेल तर आयएसओ वाढवा, थोडे दाणे दिसले तरी चालतील. ट्रायपॉडही नको. जुन्या पँटचा एक पाय कापून दोन्ही तोंडे शिवा, आत किलोभर राजमा भरा आणि गाडीच्या खिडकीवर किंवा भिंतीवर ठेवून त्यावर लेन्स टेकवा. दिल्लीत राजम्याची ददात नाही. फोकस डोळ्यावर, सूर्य आपल्या पाठीशी, वेळ सकाळची. एवढे जमले की तंत्र निम्मे झाले. बाकीचे निम्मे सरावाचे.

आणि सराव कुठे करायचा? आपल्या सरोजिनी नगरात. जुन्या क्वार्टरांच्या दिवसांत इथे राहिलेल्यांना आठवत असेल, कडुनिंबावर राखी धनेश येत, तांबटाची टुक-टुक दिवसभर चाले. २०१८ साली पुनर्बांधणीसाठी झाडे तोडण्यावरून लोक रस्त्यावर आले, उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, ते आपण डोळ्यांनी पाहिले. आज टॉवर उभे आहेत, पण घारी आहेत, खारी आहेत, मैना आहेत. उडत्या घारीचा डोळा ज्याला स्पष्ट टिपता आला, त्याला जंगलात फारसे अवघड जात नाही. मात्र फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, घारींची घरटी असताना, त्या झाडाला लागून असलेल्या गच्चीवर कॅमेरा घेऊन उभे राहू नका. घार मागून येते आणि डोक्यावर पंजा मारते. आमच्या एका सहकाऱ्याच्या टकलावर चार टाके पडले. तो अजून टोपी घालतो. हसू नका, तो इथेच बसला आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सुरक्षितपणे फोटो काढायचा म्हणजे कोणाची सुरक्षितता? मी सुरुवात केली तेव्हा फक्त माझी, आणि खरे सांगायचे तर माझ्याआधी कॅमेऱ्याची. त्यात दोन वेळा शहाणपण शिकलो.

पहिला प्रसंग असोल्याचा. असोला-भट्टी अभयारण्य आपल्यापासून फार दूर नाही. तुघलकाबादकडे शूटिंग रेंजच्या बाजूने आत जाता येते. क्षेत्र साधारण ३२ चौरस किलोमीटर. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शिक्षण केंद्र तिथे आहे, मुलांना घेऊन जाण्यासारखे. नीलगायी, म्हणजे आपल्या विदर्भातले रोही, सहज दिसतात. कोल्हे आहेत, मुंगूस आहेत, साळिंदर आहे, आणि अलीकडच्या वर्षांत कॅमेरा-सापळ्यांत बिबट्यांचीही नोंद झालेली आहे. आणि माकडे आहेत. २००७ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शहरातली माकडे पकडून भट्टीच्या भागात सोडण्यात आली. म्हणजे ही माकडे रानातली असली तरी सवयीने आपल्यासारखीच दिल्लीकर. पिशवीची चेन उघडल्याचा आवाज त्यांना ओळखू येतो.

माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेत पार्ले-जीचा पुडा होता. मी नीलगायीवर डोळा लावून बसलो होतो. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की माणसाला समोरचे मोठे दिसते आणि आजूबाजूचे काहीच दिसत नाही. मागून एक थोराड नर आला, बॅग ओढली. मी मूर्खासारखी बॅग धरून ठेवली. मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडले. रक्त फार नव्हते, म्हणून मी रुमाल बांधला आणि आणखी वीस मिनिटे फोटो काढत बसलो! घरी आल्यावर सौ. ने हात पाहिला आणि त्याच पावली सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी मला शाळकरी मुलासारखे झापले. माकडाच्या चाव्याने, ओरखड्यानेही रेबीजचा धोका असतो. जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची, हळद-चुना काही लावायचे नाही, आणि त्याच दिवशी इंजेक्शन सुरू करायचे. सगळी इंजेक्शने पूर्ण करायची, मध्ये बरे वाटले म्हणून सोडायची नाहीत. रेबीज एकदा अंगात उमटला की त्यावर उपाय नाही. तेव्हापासून माझ्या बॅगेत बिस्किटाऐवजी साबणाची वडी असते. आणि माकडाने बॅग धरली तर बॅग सोडा. कॅमेरा पुन्हा घेता येतो.

इथे आमच्या रेल्वेची एक रीत सांगतो, ती मला फार उपयोगी पडली. आम्ही पुश-ट्रॉली घेऊन सेक्शनची पाहणी करतो किंवा गँग घेऊन रुळावर काम करतो. काम सुरू करण्यापूर्वीच ठरते की गाडी आली तर कोणी कोणत्या बाजूला उतरायचे. पुलावर असलो तर पुढचे ट्रॉली रिफ्यूज कुठे आहे ते आधी पाहायचे. आणि काम करणाऱ्याने गाडीकडे लक्ष ठेवायचे नसते, त्यासाठी लुकआउट मॅन वेगळा असतो. कारण जो वाकून काम करतो त्याला गाडी दिसत नाही, हे मान्य करून केलेली ती व्यवस्था आहे. फोटो काढणाऱ्याचेही तसेच. एकट्याने जाऊ नका. एकाचा डोळा कॅमेऱ्यात असेल तेव्हा दुसऱ्याचे डोळे आजूबाजूला हवेत. आणि बसण्याआधी परत जायची वाट पाहून ठेवा.

रेल्वेचा विषय निघाला आहे तर हेही बोलून टाकतो. रुळावर उभे राहून मोर, नीलगाय किंवा स्वतःचा फोटो काढू नका. दिल्ली-मुंबई मार्गावर ताशी १३० किलोमीटरने गाडी येते, म्हणजे एका सेकंदाला ३६ मीटर. "दूर दिसते आहे" असे म्हणेपर्यंत ती आलेली असते, आणि ब्रेक लावून जागच्या जागी थांबत नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे हे वेगळेच. मी कलमासाठी सांगत नाही. रुळावरून जे उचलावे लागते ते मी नोकरीत पाहिले आहे. एवढेच पुरे.

बिबट्या समोर आला तर काय, हा प्रश्न मुले नेहमी विचारतात. बहुधा येणार नाही, तो आपल्याला पाहून आधीच निघून गेलेला असतो. तरी संध्याकाळनंतर झुडपात थांबू नका, आणि खाली उकिडवे बसून फुले-किडे टिपत असाल तर मागे कोणीतरी उभे असू द्या. बसलेला माणूस लहान दिसतो. समोर दिसलाच तर पळायचे नाही, पाठ फिरवायची नाही, त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे यायचे, मुलांना उचलून घ्यायचे. सापाच्या बाबतीत तर माझे मत अगदी जुनाट आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ओळखता येत नसतील तर प्रत्येक साप विषारी समजा आणि जवळच्या फोटोचा मोह सोडा. मोबाइलने साप टिपणारे लोक पडद्यावर साप लहान दिसतो म्हणून एक-एक पाऊल पुढे सरकतात. मोबाइलमध्ये सगळेच खऱ्यापेक्षा दूर दिसते, हे लक्षात असू द्या. असोल्यात आणखी एक धोका म्हणजे जुन्या खाणींचे खड्डे. त्यांत निळे पाणी साठले आहे, फोटो सुंदर येतो, पण कडा ठिसूळ असतात. मागे-मागे सरकत फ्रेम जुळवणाऱ्यांनी तिथे जपून.

हा झाला आपल्या जिवाचा विषय. दुसरा प्रसंग सांगायचा की नाही याचा मी खूप विचार केला. घरी कन्या म्हणाली, "बाबा, तोच सांगा."

मी तेव्हा राजस्थानकडच्या एका सेक्शनवर होतो. मे महिना. यार्डातल्या एका बंद पडलेल्या सायडिंगच्या खडीत टिटवीने अंडी घातली होती. चार अंडी, खडीच्याच रंगाची, ठिपक्या-ठिपक्यांची. कीमनने दाखवली नसती तर माझा बूट पडला असता. मला नवी लेन्स मिळून महिना झाला होता. मी रोज डबा खायच्या सुट्टीत तिकडे जाऊ लागलो. मी जवळ गेलो की टिटवी उठायची, आरडाओरडा करायची, माझ्या डोक्यावरून घिरट्या घालायची. मला वाटले, काय नशीब, पक्षी स्वतःहून समोर येतो आहे! एके दिवशी तर ती जमिनीवर उतरली आणि पंख मोडल्यासारखा पसरून लंगडत चालू लागली. तो फोटो अप्रतिम आला. डोळा टाचणीसारखा स्पष्ट, पंखाचे प्रत्येक पीस वेगळे. ऑफिसात सर्वांनी वाहवा केली. मी मोठा करून फ्रेम केला आणि हॉलमध्ये लावला.

चौथ्या दिवशी गेलो तर दोन अंडी नव्हती. तारेवर कावळे बसलेले. उरलेल्या दोनांवर टिटवी पुढे बरेच दिवस बसत होती. त्यातून काही निघाले नाही.

टिटवीची अंडी उबायला सुमारे चार आठवडे लागतात, आणि राजस्थानच्या मे महिन्यात तिचे काम उबवण्यापेक्षा सावली धरण्याचे जास्त असते. पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. हे मी नंतर वाचले. भर दुपारी अर्धा-अर्धा तास मी तिला उठवून ठेवत होतो, म्हणजे ती अंडी तापल्या खडीवर उघडी भाजत होती. आणि माझ्याकडे पाहून कावळ्यांना पत्ता कळला. तो लंगडण्याचा प्रकार म्हणजे शत्रूला अंड्यांपासून दूर नेण्याची युक्ती. मी त्या शत्रूच्या जागी होतो. कीमन म्हणाला, "साहब, वो तो आपको भगा रही थी. आप वहीं बैठ गए." तो चौथीपर्यंत शिकलेला माणूस. त्याला ठाऊक होते, मला नव्हते, आणि मी साहेब असल्यामुळे तो आधी बोलला नाही.

कन्या तेव्हा सहा वर्षांची होती. फ्रेमकडे पाहून तिने विचारले, "बाबा, हिची पिल्ले कुठे आहेत?" मी म्हटले, उडून गेली. ती फ्रेम पुढे मी काढून माळ्यावर ठेवली. का काढली ते तिला खरे सांगायला मला सहा वर्षे लागली.

कायदा काय म्हणतो तेही जाता-जाता पाहा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये शिकार या शब्दाच्या व्याख्येत केवळ मारणे येत नाही. आमिष दाखवणे, हुसकणे, पक्ष्यांची अंडी-घरटी उद्ध्वस्त करणे किंवा त्यांना त्रास देणे हेही येते. म्हणजे फोटोसाठी मांसाचा तुकडा टाकणारा किंवा दगड मारून पक्षी उडवणारा माणूस कोणत्या रांगेत बसतो ते तुम्हीच ठरवा. मोबाइलवर पक्ष्याच्या आवाजाची टेप वाजवून त्याला बोलावणे ही नवी खोड आहे. तो बिचारा दुसरा नर आला समजून घरटे सोडून भांडायला येतो. घरट्याचा फोटो काढू नका, आणि चुकून निघालाच तर जागेसकट कोणाला पाठवू नका.

मोठ्या जनावरांच्या बाबतीत हीच चूक मोठ्या प्रमाणावर होते. ३१ डिसेंबर २०२४ ला आपल्या नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या सफारी मार्गावर 'एफ-२' नावाची वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर होते. दोन्ही बाजूंनी जिप्सी आल्या आणि त्यांची वाट अडली. ती चित्रफीत सगळीकडे फिरली. चालक आणि गाइड निलंबित झाले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. शिक्षा चालक-गाइडना झाली ती योग्यच. पण मला ती चित्रफीत पाहताना गाडीतले लोक दिसत होते, कॅमेरे उंचावलेले. "भैया, थोडी पुढे घ्या ना" हे कोण म्हणते? आपणच. वरची शंभराची नोट कोण देते? राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत प्राण्यापासून किमान २० मीटर अंतर ठेवावे, प्राण्याला घेरू नये असे स्पष्ट म्हटलेले आहे. ताडोब्याला, रणथंभोरला जाल तेव्हा गाडीत बसतानाच चालकाला सांगा, आम्हाला जवळ नको, गाडी योग्य ठिकाणी थांबवा आणि इंजिन बंद करा. तो आधी चकित होतो, मग खूश होतो. दडपण त्याच्यावरचे जाते. आमचा अनुभव आहे की अशा चालकांनी आम्हाला जास्त दाखवले.

याच्या उलट एक उदाहरण. नयन खानोलकर या मुंबईच्या छायाचित्रकाराला २०१६ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत शहरी विभागाचे पारितोषिक मिळाले. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या वस्तीत, घरांच्या मधल्या बोळातून रात्री जाणारा बिबट्या. तो फोटो पाहिला नसेल तर जरूर पाहा. बोळात नेहमी असतो तसाच वाटेल अशा बेताने फ्लॅश लावले, कॅमेरा ठेवला, आणि मनासारखे चित्र मिळायला चार महिने लागले. बिबट्याच्या मागे कोणी धावले नाही. तो त्याच्या वाटेने, त्याच्या वेळेला आला. आपल्याला इतके जमणार नाही, पण चार महिने हा आकडा लक्षात ठेवा. आपण चार मिनिटांत कंटाळतो.

सुट्टीच्या दिवशी जायला भरतपूर उत्तम. निजामुद्दीनहून कोट्याच्या बाजूला जाणाऱ्या पुष्कळ गाड्या तिथे थांबतात. तिथल्या सायकल-रिक्षावाल्यांना पक्ष्यांची इतकी माहिती असते की वेगळा गाइड लागत नाही. तिथे एक शिलालेख आहे, संस्थानच्या काळात कोणी किती पक्षी मारले त्याची यादी. १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पार्टीने एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. माझ्या कार्डात त्या जागेचे एका दिवसाचे जास्तीत जास्त साडेनऊशे फोटो आहेत, त्यांतले बरे अकरा. पुढे १९८५ मध्ये ते जागतिक वारसा स्थळ झाले. सायबेरियन क्रौंच मात्र २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर तिथे आले नाहीत.

आणि भरतपूर लांब वाटत असेल तर मथुरा रोडवर, पुराना किल्ल्याला लागून प्राणिसंग्रहालय आहे. पिंजऱ्यातले प्राणी पाहायला नव्हे. तिथल्या तळ्यांतल्या झाडांवर रानातले चित्रबलाक दरवर्षी आपले आपण येतात, ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे नेमके गणपतीच्या सुमारास, आणि घरटी करतात. कुंपणाबाहेरून, त्यांना जराही त्रास न देता घरट्यातली पिल्ले टिपता येतात, अशी दुसरी जागा माझ्या माहितीत नाही. टिटवीनंतर मी पहिल्यांदा घरट्याचा फोटो काढला तो तिथे. २०२५ च्या ऑगस्टअखेर या चित्रबलाकांत बर्ड फ्लू आढळला होता आणि प्राणिसंग्रहालय बंद ठेवावे लागले होते, त्यामुळे जाण्यापूर्वी चौकशी करावी, आणि मरून किंवा मलूल होऊन पडलेल्या पक्ष्याला कधीही हात लावू नये, मुलांना लावू देऊ नये.

मघाशी काकूंनी विचारले की मुलांना केव्हापासून न्यावे. चालता येऊ लागले की न्या. कॅमेरा हातात देण्याआधी दुर्बीण द्या, आणि त्याही आधी गप्प बसायला शिकवा. मारुती चितमपल्लींची पुस्तके घरात ठेवा. त्यांनी आयुष्य वन खात्यात काढले आणि पक्ष्यांची मराठी नावे आपल्याला गोळा करून दिली. २०२५ साली ते गेले. मुलाला 'पेंटेड स्टॉर्क' येते आणि 'चित्रबलाक' येत नाही, असे दिल्लीत वाढणाऱ्या आपल्या घरांत होऊ नये एवढीच इच्छा.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे आणि आरतीची वेळ झाली आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी माझ्याकडे किंवा सेक्रेटरींकडे नाव द्यावे. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी प्राणिसंग्रहालयाच्या दरवाज्यापाशी जमू. तोवर चित्रबलाकांची पिल्ले बाहेरून दिसण्याइतकी मोठी झालेली असतात. कॅमेरा नसेल तरी या. भडक कपडे नकोत, पाण्याची बाटली आणा, आणि बिस्किटे घरीच ठेवा.

गणपती बाप्पा मोरया!